कोलोनोस्कोपी नॉर्मल, बायप्सीत मात्र ‘कोलॅजनस कोलायटिस’. आईची प्रतिकारशक्ती कमी झालीय की जास्त?

सायली_मानेवाडा

नमस्कार. प्रश्न आईसाठी विचारते आहे. ती ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या दिवाळीच्या आधीपासून तिला जुलाब होऊन राहिले आहेत. रक्त नाही, आव नाही, ताप नाही, नुसतं पाणी. दिवसा तर जावं लागतंच, पण झोपेतूनही उठावं लागतं, आणि उठल्यावर संडासापर्यंत पोहोचेपर्यंत धीर धरवत नाही. वजन उतरलंय, ब्लाउज सगळे सैल झाले.

सुरुवातीला जंताची गोळी झाली, मग अँटिबायोटिक, मग एका ठिकाणी ‘आयबीएस आहे, म्हणजे आतडं चिडखोर आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. आईला दुसरं टेन्शन कशाचं असणार? पेन्शन वेळेवर येते, बाबांची तब्येत चांगली आहे. टेन्शन होतं ते जुलाबाचंच. रामटेकला जायचं ठरलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की गडावर संडास कुठे आहे. तिच्या पिशवीत एक जादा साडी, परकर आणि रिकामी पन्नी घडी घालून ठेवलेली असते. हे तिने मला कधी सांगितलं नाही, पिशवी आवरताना मला दिसलं.

शेवटी धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोलोनोस्कोपी केली आणि स्क्रीनवर मलाही दाखवलं. पूर्ण मोठं आतडं गुलाबी, चकचकीत, कुठे जखम नाही की सूज नाही. तरीही त्यांनी उजवीकडून आणि डावीकडून वेगवेगळे तुकडे घेतले आणि वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवले. रिपोर्टमध्ये आलं: कोलॅजनस कोलायटिस, पृष्ठभागाखालचा कोलॅजनचा (एक चिवट, तंतूंचं प्रथिन) थर १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पेशीथरात लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढलेल्या. रक्तातून सूज दाखवणारी सीआरपी तपासणी नॉर्मल आहे. आतड्याची सूज दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणीही नॉर्मल. थायरॉइड कमी असल्यामुळे तिची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे.

बुडेसोनाइड (आतड्यात काम करणारं स्टेरॉइड) ९ मिलिग्रॅम सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. घरी आल्यावर मामा म्हणाले, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी गुळवेलीचा काढा घेऊन हजर. मामांचा शब्द आई मोडत नाही. मला वाद घालायचा नाही, समजून घ्यायचं आहे. डोळ्याला आतडं इतकं चांगलं दिसतं तर सूज नेमकी आहे कुठे? शरीराची प्रतिकारशक्ती आत काय करते आहे? आणि काढा द्यावा की नाही?

---

प्रकाश_बुटीबोरी

ताई, आधी एक सांगतो, आईंना म्हणा घाबरायचं काम नाही. माझं हेच निघालं होतं, फक्त माझा प्रकार लिम्फोसायटिक. मी पन्नाशीचा, कंपनीत शिफ्टमध्ये काम. बसमधून कामावर जाताना मधे कुठे उतरता येईल याचा नकाशा डोक्यात पक्का झाला होता. माझ्याही कोलोनोस्कोपीत काही दिसलं नव्हतं आणि पहिल्या वेळी तुकडेच घेतले नव्हते. दुसऱ्यांदा घेतले तेव्हा कळलं.

बुडेसोनाइडने मला लवकर फरक पडला, बांधून शौचाला होऊ लागली. पण कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत परत सुरू झालं. डॉक्टरांनी मग कमी डोस जास्त काळ दिला. तेव्हा आईंना परत त्रास झाला तर औषध लागू पडलं नाही असं समजू नका. मी बिडी-सिगारेट दोन्ही ओढायचो. डॉक्टरांनी सांगितलं, ओढणाऱ्यांना हा आजार दहा-दहा वर्षं लवकर गाठतो. सोडली.

बाकी आतमधलं मला सांगता येणार नाही. इथे एक पॅथॉलॉजीच्या मॅडम लिहीत असतात, त्या सांगतील.

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट_नागपूर

सायली, तुमच्या आईच्या डॉक्टरांनी आतडं चांगलं दिसत असूनही तुकडे घेतले, आणि दोन्ही बाजूंचे घेतले, याबद्दल मला मनापासून बरं वाटलं. मी मेडिकलला शिकले आणि पुढे आयुष्यभर याच शहरात बायप्सी वाचल्या. ‘कोलोनोस्कोपी नॉर्मल, बायप्सी घेतली नाही’ असं लिहिलेल्या फायली घेऊन फिरणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. बहुतेक साठीच्या आसपासच्या. कपड्यात शौचाला होते हे त्या कुणाजवळ बोलत नाहीत, लग्नाकार्याला जायचं सोडून देतात. हा आजार फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. तुकडाच घेतला नाही तर तो सापडणार कसा? नुसत्या गुदाशयाचा तुकडा घेतला तरीही तो निसटू शकतो, कारण कोलॅजनचा थर बऱ्याचदा उजव्या बाजूला जास्त जाड असतो.

आता सूज कुठे आहे ते सांगते. बाटलीतून येणारे तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे असतात. त्यांचे काप काढून रंग दिला की वरच्या कडेला पेशींची एक ओळ दिसते. या ओळीत शंभर पेशींमागे पाचेक लिम्फोसाइट असणं ठीक आहे. वीस किंवा त्याहून जास्त झाल्या की आम्ही लिम्फोसायटिक कोलायटिस म्हणतो, प्रकाशभाऊंना आहे तो. त्या ओळीच्या लगेच खाली कोलॅजनचा बारीक थर असतो, साधारण तीनेक मायक्रॉनचा. तो १० मायक्रॉनच्या वर गेला की कोलॅजनस कोलायटिस. मॅसनचा ट्रायक्रोम रंग दिला की हा थर निळा उठून दिसतो. नुसती जाडी बघून मी कधी रिपोर्ट दिला नाही. खालची कड बघायची. या आजारात ती सरळ नसते, फाटल्यासारखी खाली उतरते, आणि बारीक रक्तवाहिन्या त्या निळ्या थरात अडकलेल्या दिसतात. वरच्या पेशी चपट्या झालेल्या असतात, कुठे कुठे थरापासून सुटून उचललेल्या असतात. तुमच्या आईची सूज आहे ती इथे, एवढ्याशा जागेत. कॅमेऱ्याला ती दिसणार नाही.

रक्ताचे आणि शौचाचे रिपोर्ट नॉर्मल का आले याचंही उत्तर याच स्लाइडवर आहे. कॅलप्रोटेक्टिन हे मुख्यतः न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये न्यूट्रोफिल झुंडीने येतात, ग्रंथींमध्ये घुसतात, जखमा करतात, म्हणून रक्त पडतं. इथे न्यूट्रोफिल फारसे नसतातच. इथलं काम टी लिम्फोसाइट, म्हणजेच टी पेशी, करतात, आणि त्या आतड्याला भोकं पाडत नाहीत. म्हणून जखम नाही, रक्त नाही आणि कॅलप्रोटेक्टिनही बऱ्याचदा वाढत नाही.

या टी पेशींमध्ये दोन फळ्या आहेत. वरच्या ओळीत शिरलेल्या बहुतेक सीडी८ जातीच्या, म्हणजे पेशी मारणाऱ्या. खालच्या भागात सीडी४ जातीच्या, म्हणजे हुकूम सोडणाऱ्या. आजारी आतड्यात त्या जे रसायनी निरोप सोडतात त्यांत इंटरफेरॉन गॅमा, टीएनएफ अल्फा, इंटरल्यूकिन १७, २१, २२ आणि २३ वाढलेले सापडतात. हे निरोप तीन कामं बिघडवतात. एक, शेजारच्या पेशींना घट्ट धरून ठेवणारी क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही प्रथिनं कमी होतात, फटी सैल पडतात, आणि आतड्यातलं नको ते खाली झिरपून आणखी टी पेशींना चेतवतं. दोन, मोठं आतडं मीठ शोषतं आणि मिठामागे पाणी ओढलं जातं. ते मीठ शोषणंच मंदावतं, शिवाय क्लोराइड उलट बाहेर टाकलं जातं. जुलाब पाण्यासारखे होतात ते यामुळे. तीन, खालच्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन घालत राहतात आणि ते विरघळवणारी यंत्रणा मागे पडते, म्हणून थर साचतो.

हा थर म्हणजे माठाला आतून रंग दिल्यासारखं आहे: बाहेरून माठ तोच, पण पाणी पाझरायचं थांबतं. तरी १८ मायक्रॉनच्या आकड्याला धरून बसू नका. जुलाब किती होतील हे थराच्या जाडीपेक्षा खालच्या सुजेवर जास्त अवलंबून असतं. बारीक थराच्या बायकांना भयंकर त्रास आणि जाड थराच्यांना कमी, असं मी स्वतः पुष्कळ वेळा पाहिलं.

आता मूळ प्रश्न, टी पेशी चिडल्या कशावर. इथे मला स्वीडनमधलं एक काम फार महत्त्वाचं वाटतं. कोलॅजनस कोलायटिसचं पहिलं वर्णन १९७६ मध्ये तिथल्याच लिंडस्ट्रॉम या पॅथॉलॉजिस्टने केलं. पुढे १९९५ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी, औषधांनी बऱ्या न होणाऱ्या काही बायकांचं शौच पोटावरच्या छिद्रातून बाहेर वळवलं, म्हणजे मोठ्या आतड्यात अन्नाचा कण जाईना. जुलाब थांबले आणि स्लाइडवरचं चित्रही निवळलं. आतडं परत जोडल्यावर आजार परत आला. म्हणजे टी पेशी आतड्याच्या पोकळीतून जाणाऱ्या कशावर तरी उठलेल्या असतात. जंतू असतील, पित्ताची आम्लं असतील, एखादं औषध असेल. बायप्सीतल्या टी पेशी तपासल्या तर त्यांत काही मोजक्या कुळांच्याच जास्त वाढलेल्या आढळतात, हेही त्याच दिशेने बोट दाखवतं.

चिडण्याचा कल जन्मतःही असतो. युरोपात कोलॅजनस कोलायटिसच्या रुग्णांत एचएलएचा (प्रतिकारशक्तीला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा) ८.१ नावाचा संच जास्त आढळला. हाच संच सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडतं तो आजार) आणि इतर काही ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा, आजारांतही दिसतो. तुमच्या आईचं थायरॉइड आणि हा कोलायटिस एकाच बाईला होणं मला म्हणूनच अजिबात नवल वाटत नाही. टीटीजी आयजीए ही सीलिॲकची रक्ततपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

मामांच्या काढ्याकडे येते. प्रतिकारशक्ती कमी झाली हे बरोबर नाही. जिथे शांत बसायला हवं तिथे ती शांत बसत नाहीये. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा कॅन्सरच्या वॉर्डात मिळतो. टी पेशींवरचा पीडी-१ नावाचा लगाम सोडवणारी औषधं आता कॅन्सरसाठी दिली जातात, आणि ती घेणाऱ्या काहींच्या आतड्यात स्लाइडवर हुबेहूब हाच आजार उभा राहतो. लगाम सोडला की हा आजार होतो. आणि टी पेशींना रक्तातून आतड्यात शिरू न देणारं वेडोलिझुमॅब दिलं की हट्टी आजाराच्या काही रुग्णांना आराम पडतो. मग ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून जे जे विकलं जातं, ते या आजारात आपण कशासाठी घ्यायचं? गुळवेलीबद्दल आणखी एक. कोविडच्या काळात ती नेमाने घेणाऱ्या लोकांमध्ये यकृताला ऑटोइम्यून धाटणीची सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. ज्या बाईला थायरॉइड आहे आणि आता हाही आजार आहे, तिला मी काढा देणार नाही. मामांना हे माझ्या नावावर सांगा, वाईटपणा माझ्याकडे येऊ द्या.

---

फार्मसी_काउंटर_सक्करदरा

मॅडमनी सगळं सांगितलंच, मी फक्त औषधांचं बोलतो, कारण आमच्या काउंटरवर रोज तेच दिसतं.

सायलीताई, आई गुडघ्यासाठी काही घेतात का? आणि ॲसिडिटीची गोळी? या आजाराशी जोडलेल्या औषधांच्या यादीत सगळ्यात वर हीच दोन आहेत: डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, आणि पँटोप्राझोल-लॅन्सोप्राझोल गटातल्या ॲसिडिटीच्या. त्यातही लॅन्सोप्राझोलचं नाव जास्त येतं. डिप्रेशनवरच्या काही गोळ्याही आहेत, उदाहरणार्थ सर्ट्रालिन. आपल्याकडे ‘पोट बिघडू नये’ म्हणून दुखण्याच्या गोळीबरोबर पँटोप्राझोल जोडीने जातं आणि मग वर्षानुवर्षं कुणी बंद करत नाही. काउंटरवरच मागतात, चिठ्ठीही आणत नाहीत. घरात असतील तेवढ्या सगळ्या पत्त्या, डब्यातल्या सुट्ट्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. आपल्या मनाने मात्र बंद करू नका, मानसिक आजाराच्या गोळ्या तर अजिबात नाही.

बुडेसोनाइड स्टेरॉइड आहे म्हणून बरेच जण डब्यात तसंच ठेवून देतात. ते आतड्यात काम करतं आणि रक्तात शोषलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास यकृतात पहिल्याच फेरीत निष्प्रभ होतं. त्यामुळे प्रेडनिसोलोनसारखा चेहरा सुजणं वगैरे कमी. कॅप्सूल फोडू नका, चावू नका. बुरशीची इट्राकोनॅझोल किंवा केटोकोनॅझोल गोळी कुणी दिली तर बुडेसोनाइड चालू असल्याचं आधी सांगा, नाहीतर रक्तातलं प्रमाण वाढतं.

---

सायली_मानेवाडा

मॅडम, तुमचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शिक्षिका असल्यामुळे तिने वही काढून चित्र काढायला लावलं, वरची ओळ, खालचा थर, सीडी८ कुठे, सीडी४ कुठे. मग म्हणाली, म्हणजे माझ्या मनाचा खेळ नव्हता. हे वाक्य ती त्या दिवशी परत परत बोलत होती.

काढा बंद केला. मामांना मी फोनवर तुमचं नाव सांगितलं, ते थोडे नाराज आहेत, पण ऐकलं.

फार्मसीवाले भाऊ, तुमचं तर अगदी तंतोतंत. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आणि त्याच्याबरोबर पँटोप्राझोल, दोन्ही वर्षानुवर्षं चालू आहेत. पिशवी भरून ठेवली आहे, पुढच्या भेटीत नेते.

आता दोन शंका. आमच्या काटोलच्या शेतातून संत्री येतात आणि आई ती रोज खाते. कुठेतरी वाचलं की बुडेसोनाइडबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही, मग संत्रं चालेल का? आणि दुसरं, जे विचारायची आईची हिंमत होत नाही. याचा पुढे कॅन्सर होतो का?

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट_नागपूर

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस बरीच वर्षं राहिला तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, या आजारात तो वाढत नाही. त्यासाठी म्हणून दरवर्षी कोलोनोस्कोपी करायचीही गरज नाही. आईला आजच सांगा.

संत्रं चालेल. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं बुडेसोनाइड मोडणारं एन्झाइम अडवतात. पपनसातही ती असतात, म्हणून पपनस टाळा. आपल्या नागपुरी संत्र्याचा तसा त्रास नाही. जुलाब जोरात असतील त्या दिवसांत खूप रस एकदम घेऊ नका, साखरेने पाणी सुटतं. एखादं संत्रं सोलून खाल्लं तर हरकत नाही. सावजीचा रस्सा मात्र काही दिवस बाजूला, आणि दूध-चहा कमी करून बघा. कॉफी असेल तर तीही.

आणखी एक, कारण प्रकाशभाऊंनी विषय काढलाच आहे. बुडेसोनाइड साधारण सहा ते आठ आठवडे देतात. थांबवल्यावर अर्ध्याहून जास्त लोकांत आजार परत येतो. टी पेशींना दाबून ठेवलेलं असतं, पण पोकळीतलं कारण तिथेच असतं. औषधांच्या गोळ्या हे कारण असेल आणि त्या बंद झाल्या तर तुमच्या आईला परत न होण्याची शक्यता जास्त. परत झालंच तर कमीत कमी डोसवर ठेवतात, अशा वेळी हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं विचारून घ्या. जुलाब अर्धवटच थांबले तर पित्ताच्या आम्लांचा विचार करायला सांगा. या आजाराबरोबर पित्ताची आम्लं नीट न शोषली जाणं पुष्कळदा असतं आणि त्यासाठी कोलेस्टिरामिनची वेगळी पूड मिळते. टी पेशी शांत झाल्या तरी ती आम्लं मोठ्या आतड्यात पाणी सोडत राहतात.

वहीतलं चित्र तुम्हाला चालत असेल तर फोटो काढून इथे टाका. सीडी८ पेशी बरोबर जागी काढल्यात का ते बघते. आणि टीटीजीचा रिपोर्ट आला की कळवा.

---

प्रकाश_बुटीबोरी

मॅडम, पित्ताच्या आम्लाचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं आता ३ मिलिग्रॅमवर चालू आहे, पण सकाळी चहानंतर दोन वेळा घाईने जावं लागतं, ते काही जात नाही. पित्ताशय मी आधीच काढलेलं आहे. त्याचा संबंध असू शकतो का? पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायचं म्हणून लिहून घेतलंय.

---

निवृत्त_पॅथॉलॉजिस्ट_नागपूर

असू शकतो, प्रकाशभाऊ. पित्ताशय काढल्यावर काही जणांत पित्त सतत आतड्यात उतरत राहतं आणि नेमके असेच जुलाब होतात, सकाळी आणि खाल्ल्यानंतर. डॉक्टरांना पित्ताशय काढल्याचं आवर्जून सांगा. पूड सुरू झाली तर ती बाकीच्या गोळ्यांना चिकटते, त्यामुळे इतर औषधं पूड घ्यायच्या निदान तासभर आधी किंवा चार-सहा तासांनंतर. सायली, तुमच्या आईलाही ती पूड लागलीच तर थायरॉइडच्या गोळीसाठी हे नक्की लक्षात ठेवा.